९० टक्के शक्यता असूनही वार हुकतो, तेव्हा गेम चीटिंग करतो की आपलं गणित कच्चं असतं?

समोर शत्रूचा शेवटचा सैनिक उरलाय. तोही अर्धमेला. तुमचा सगळ्यात लाडका तलवारबाज त्याच्या शेजारच्या घरात उभा आहे. स्क्रीनवर आकडा झळकतोय : वार लागण्याची शक्यता ९० टक्के.

तुम्ही निवांतपणे बटण दाबता. वार हुकतो.

आता पाळी समोरच्याची. तो उलटा वार करतो, तो नेमका लागतो आणि तुमचा तलवारबाज पडतो. गेममधून कायमचा जातो. पुढच्या लढाईत तो नसणार, कथेत नसणार, कुठेच नसणार.

अशा वेळी दहापैकी नऊ जणांच्या तोंडून एकच वाक्य निघतं, "हा गेम चीटिंग करतोय."

राजे, जादूगार, ड्रॅगन असलेल्या टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी गेमच्या खेळाडूंमध्ये हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. गंमत म्हणजे काही गेम खरंच खोटं बोलतात, पण ते खेळाडूच्या बाजूनं. आणि जे गेम अगदी खरं सांगतात, ते सगळ्यात जास्त शिव्या खातात.

हे नेमकं काय प्रकरण आहे, ते समजून घेऊ.

आधी हे गेम असतात कसे?

टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी म्हणजे पाळीपाळीनं खेळायचा डावपेचांचा गेम. आधी तुम्ही तुमचे सगळे सैनिक हलवायचे, मग समोरच्यानं त्याचे. घाई नाही, बटणं बडवायची नाहीत. एका चालीसाठी अर्धा तास विचार केला तरी कुणी विचारत नाही.

म्हणजे हे बुद्धिबळ झालं का? अर्धं झालं. बुद्धिबळात उंटानं प्यादं मारलं की मारलं. प्यादं वाकून वार चुकवत नाही. इथे मात्र चाल ठरवायची बुद्धीनं आणि निकाल लागायचा फाशावर. थोडक्यात, बुद्धिबळाच्या पटावर सारीपाटाचे फासे आणून ठेवलेत.

हे जे मिश्रण आहे, त्यातच सगळ्या भांडणाचं मूळ आहे. कारण हरल्यावर माणूस विचारतो, मी चुकलो की फासे चुकले? आणि या गेममध्ये त्याचं उत्तर लगेच मिळत नाही.

हा वाद समजून घ्यायला दोन गेम पुरेसे आहेत. एक आहे बॅटल फॉर वेसनॉथ आणि दुसरा निन्टेन्डोचा फायर एम्ब्लेम.

वेसनॉथ : खरं सांगतो म्हणून शिव्या खातो

बॅटल फॉर वेसनॉथ हा पूर्णपणे मोफत गेम. डेव्हिड व्हाईट या प्रोग्रामरनं २००३ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आणली. गेमचा कोड खुला आहे, त्यामुळे जगभरातल्या स्वयंसेवकांनी तो वाढवत नेला आणि २० वर्षांहून अधिक काळ तो जिवंत आहे.

पट षटकोनी घरांचा. त्यावर माणसं, एल्फ, बुटके, ऑर्क, ड्रेक आणि थडग्यातून उठलेली भुतावळ अशा फौजा. वेसनॉथची खासियत अशी की वार लागेल की नाही, हे मुख्यतः समोरचा कुठे उभा आहे त्यावर ठरतं.

माणसांचा साधा सैनिक उघड्या माळावर उभा असेल तर त्याला वार लागायची शक्यता ६० टक्के. तोच सैनिक गावात किंवा किल्ल्यात शिरला की ही शक्यता ४० टक्क्यांवर येते. एल्फ जंगलात घुसला की त्याला मारणं फारच अवघड. जादूगाराचा मंत्र मात्र समोरचा कुठेही लपला तरी ७० टक्के लागतो.

त्यात दिवस-रात्रीचा खेळ वेगळा. माणसांच्या फौजेतले बहुतेक सैनिक दिवसा २५ टक्के जास्त जोरानं मारतात आणि रात्री २५ टक्के कमी. ऑर्क आणि भुतावळ यांचं बरोब्बर उलटं. म्हणून मुरलेला खेळाडू संध्याकाळ व्हायला लागली की फौज मागे घेतो आणि उजाडल्यावर पुन्हा चाल करतो.

हे सगळे आकडे वेसनॉथ तुम्हाला दाखवतो. हल्ला करण्याआधी एक बटण दाबलं की या झटापटीत तुमचा सैनिक किती जखमी होऊ शकतो, मरायची शक्यता किती, याचा पूर्ण हिशेब समोर येतो. लढाई चालू असताना आतापर्यंत सरासरीनं किती नुकसान व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात किती झालं, हेही पाहता येतं. म्हणजे तुमचं नशीब किती वाईट आहे, याचं प्रगतिपुस्तकसुद्धा गेमच देतो.

दाखवलेला आकडा आणि खरा आकडा एकच. कुठे लपवाछपवी नाही.

तरीही वेसनॉथबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार कोणती? तर "यात नशीब फार आहे."

गणित काय सांगतं?

एक साधं उदाहरण घेऊ. वेसनॉथमधला भालाईत एका हल्ल्यात तीन वार करतो. समोरचा माळावर आहे, म्हणजे प्रत्येक वार लागायची शक्यता ६० टक्के. तिन्ही वार हुकायची शक्यता किती?

प्रत्येक वार हुकायची शक्यता ४० टक्के. म्हणून ०.४ गुणिले ०.४ गुणिले ०.४. उत्तर ६.४ टक्के.

ऐकायला हा आकडा लहान वाटतो. साधारण सोळा हल्ल्यांत एकदा. पण एका लढाईत तुम्ही असे ३० हल्ले केले तर? त्यातला किमान एक हल्ला पूर्ण फुकट जायची शक्यता जवळपास ८६ टक्के होते.

म्हणजे तिन्ही वार हुकणं हा अन्याय नाही, ते होणारच आहे. प्रश्न फक्त कधी आणि कुठे एवढाच.

९० टक्क्यांचंही तसंच. एक वार लागायची शक्यता ९० टक्के असते, पण असे लागोपाठ दहा वार करायचे असतील तर दहाही लागायची शक्यता फक्त ३५ टक्के उरते. म्हणजे दहा वेळा "९० टक्के" दिसलं तर त्यात एकदा तरी हुकण्याचीच शक्यता जास्त.

आपण मात्र ९० हा आकडा वाचतो आणि मनात "लागणार" असं लिहून टाकतो. हवामान खात्यानं पावसाची शक्यता २० टक्के सांगितली आणि आपण भिजलो, की "यांचं कधीच बरोबर नसतं" म्हणतो ना, तसंच हे. २० टक्के म्हणजे शून्य नव्हे आणि ९० म्हणजे १०० नव्हे, हे डोक्याला कळतं, मनाला पटत नाही.

मग राग एवढा का येतो?

याचं एक कारण मानसशास्त्रात सापडतं. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोघांनी १९७९ मध्ये एक सिद्धांत मांडला. त्यातला एक मुद्दा असा की जेवढ्यास तेवढा फायदा आणि तोटा झाला, तर माणसाला तोटा जास्त लागतो. शंभर रुपये सापडल्याचा आनंद विसरतो, हरवलेले शंभर रुपये आठवत राहतात.

गेममध्येही तेच. शत्रूचा ९० टक्क्यांचा वार हुकून तुमचा सैनिक वाचला, तर तुम्ही "वा!" म्हणून पुढे जाता. तुमचा हुकला की आठवडाभर मित्रांना सांगत बसता. वर्षभरानंतर डोक्यात जो हिशेब उरतो, त्यात फक्त आपले हुकलेले वार असतात.

सिव्हिलायझेशन या गाजलेल्या गेमचे निर्माते सिड मायर यांनी २०१० साली गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत याचं भन्नाट उदाहरण दिलं होतं. त्यांच्या गेममध्ये लढाईआधी दोन्ही बाजूंची ताकद दिसायची. तीनास एक अशी स्थिती असताना खेळाडू कधीतरी हरला, की तक्रार यायची. गणितानं चारात एकदा हरणं अगदी बरोबर होतं, पण खेळाडूंच्या मते तीनानं एकाला हरवलंच पाहिजे. उलट एकास तीन असताना खेळाडू जिंकला, तर मात्र कुणाचीच तक्रार नाही.

पुढची गंमत अशी की दोनास एक असताना हरणं लोक मान्य करायचे, पण वीसास दहा असताना हरलं की चिडायचे. प्रमाण तेच, आकडे मोठे दिसले एवढंच. आणि लागोपाठ दोनदा हरलं तर तेही पटायचं नाही. शेवटी मायर यांच्या टीमनं खेळाडूंच्या या भावनेला जुळेल असं गणित गेममध्ये बसवलं.

म्हणजे प्रश्न असा उभा राहतो, की गेमनं गणिताशी प्रामाणिक राहायचं की खेळाडूच्या मनाशी?

फायर एम्ब्लेम : गोड खोटं

आता दुसऱ्या गेमकडे येऊ. फायर एम्ब्लेमचा पहिला भाग १९९० मध्ये जपानमध्ये आला. बनवणारी कंपनी इंटेलिजंट सिस्टम्स, प्रकाशक निन्टेन्डो आणि त्यामागचं डोकं शोझो कागा यांचं.

इथले सैनिक बिनचेहऱ्याचे नसतात. प्रत्येकाला नाव आहे, स्वभाव आहे, कुणाशी मैत्री आहे, कुणाशी वैर. आणि लढाईत मेला की मेला. सैनिकांना नुसत्या सोंगट्या समजू नये, त्यांच्यात जीव गुंतावा, हाच त्यामागचा हेतू.

आता ज्याच्यात जीव गुंतलाय, असा माणूस एका हुकलेल्या वारामुळे कायमचा जाणार असेल, तर तो आकडा किती महत्त्वाचा झाला बघा.

२००२ साली गेम बॉय ॲडव्हान्सवर आलेल्या बाइंडिंग ब्लेड या भागापासून बनवणाऱ्यांनी आतमध्ये एक छोटी करामत केली. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. स्क्रीनवर पूर्वीसारखाच टक्क्यांचा आकडा.

साधारण पद्धत अशी असते. कॉम्प्युटर ० ते ९९ मधला एक आकडा काढतो. तो तुमच्या टक्केवारीपेक्षा लहान आला की वार लागला. फायर एम्ब्लेमनं एकाऐवजी दोन आकडे काढायला सुरुवात केली आणि त्यांची सरासरी धरली.

यानं काय फरक पडतो? लुडोचा फासा आठवा. एक फासा टाकला तर १ ते ६ यातलं काहीही यायची शक्यता सारखी. पण दोन फासे टाकून बेरीज केली तर ७ सगळ्यात जास्त वेळा येतो, कारण ३६ पैकी ६ प्रकारे ७ होतात. १२ व्हायचा मार्ग मात्र एकच, दोन्हीवर सहा. म्हणजे दोन फासे घेतले की निकाल मधे गोळा होतात आणि टोकाचे निकाल दुर्मीळ होतात.

तेच इथे झालं. हिशेब केला तर असं दिसतं :

- स्क्रीनवर ९० टक्के असेल, तर वार प्रत्यक्षात सुमारे ९८ टक्के वेळा लागतो.
- ८० दिसत असेल, तर सुमारे ९२ टक्के.
- ७० दिसत असेल, तर सुमारे ८२ टक्के.
- ५० म्हणजे जवळपास ५०च.
- ३० दिसत असेल, तर फक्त १८ टक्के.
- २० दिसत असेल, तर ८ टक्के.
- १० दिसत असेल, तर जेमतेम २ टक्के.

नियम दोन्ही बाजूंना सारखाच आहे. पण खेळाडू नेहमी जास्त शक्यतेचेच वार निवडतो आणि आपल्या चपळ सैनिकांवर शत्रूच्या वारांची शक्यता बहुतेकदा कमी असते. त्यामुळे फायदा जवळपास नेहमी खेळाडूचा.

म्हणजे स्क्रीनवरचा आकडा खोटा, पण मनाला खरा वाटणारा. आपल्याला ९० टक्के म्हणजे "लागणारच" वाटतं ना? घ्या, ९८ टक्के लागेल.

२०१५ च्या फेट्स या भागात तर याच्याही पुढची पायरी आली. ५० टक्क्यांच्या खाली आकडा जसा दिसतो तसाच खरा आणि ५० च्या वर गेला की आतून थोडी मदत.

खोटं कळल्यावर खेळाडू काय म्हणतात?

हौशी लोकांनी गेमचा कोड उलगडून हे शोधून काढलं आणि तेव्हापासून दोन तट पडले.

पहिला तट म्हणतो, यात वाईट काय? गेम मजेसाठी असतो, संख्याशास्त्राच्या पेपरसाठी नाही. खेळाडूच्या अंदाजाप्रमाणे गोष्टी घडल्या तर तो डावपेचांवर लक्ष देतो, नशिबाला शिव्या देत बसत नाही.

दुसरा तट म्हणतो, डावपेचांचा गेम म्हणवता आणि मला चुकीचा आकडा देता? ७० टक्क्यांचा धोका पत्करायचा की ९० टक्क्यांची वाट बघायची, हा माझा निर्णय त्या आकड्यावर उभा आहे. आकडाच खरा नसेल तर निर्णय कसला? ९८ असेल तर ९८ दाखवा.

या दुसऱ्या तटाच्या म्हणण्यात दम आहे. आणि त्याला बळ देणारी एक गोष्ट गेममध्येच आहे. दोन आकड्यांची ही पद्धत त्या जुन्या भागांमध्ये फक्त वार लागण्यासाठी होती. क्रिटिकल, म्हणजे तिप्पट नुकसान करणारा वार, मात्र साध्या एकाच आकड्यावर ठरायचा. त्यामुळे स्क्रीनवर शेजारी शेजारी दिसणाऱ्या दोन टक्केवाऱ्यांपैकी एक मवाळ आणि एक जशीच्या तशी.

शत्रूच्या १ टक्का क्रिटिकलनं लाडका सैनिक गमावल्याच्या कहाण्या फायर एम्ब्लेमच्या खेळाडूंमध्ये एवढ्या का चालतात, ते यातून कळतं. ज्या गेमनं लहान शक्यता जवळपास शून्य असतात अशी सवय लावली, त्याच गेममध्ये हा १ टक्का खरोखरचा १ टक्का असतो.

दुसरा धोका सवयीचा. वर्षभर फायर एम्ब्लेम खेळून कुणी वेसनॉथकडे वळला, तर त्याला वेसनॉथ चीटिंग करतो असंच वाटणार. कारण त्याच्या लेखी ७० टक्के म्हणजे जवळपास नक्की, आणि वेसनॉथचा जादूगार ७० टक्के म्हणजे ७०च टक्के देतो.

पण वार हुकल्यावर नेमकं काय गमावतो?

वाद टक्क्यांचा असला तरी दुखतं ते वेगळ्याच ठिकाणी. हुकलेल्या वाराची किंमत काय, यावर राग ठरतो. सैनिक पुढच्या लढाईत परत येणार असेल तर ९० टक्के हुकले तरी फारसं बिघडत नाही.

म्हणून खेळाडूंमधला दुसरा मोठा वाद मरणाचा आहे.

फायर एम्ब्लेममध्ये मेलेला सैनिक परत येत नसे, पण खेळाडू करायचे काय? गेम बंद करून लढाई पहिल्यापासून सुरू करायचे. दोन-दोन तासांची लढाई एका माणसासाठी पुन्हा. म्हणजे नियमात मरण कायमचं होतं, प्रत्यक्षात अनेकांच्या गेममध्ये कुणीच मरत नव्हतं.

२०१० साली फक्त जपानमध्ये आलेल्या एका भागात कॅज्युअल मोड आला. यात पडलेला सैनिक पुढच्या लढाईला परत येतो. २०१२ च्या अवेकनिंगमध्येही तो होता. हा भाग महत्त्वाचा, कारण मालिकेचा खप घसरला होता आणि अडीच लाख प्रतीही खपल्या नाहीत तर मालिका बंद करायची, अशी तयारी झाल्याचं बनवणाऱ्यांनीच नंतर मुलाखतीत सांगितलं. अवेकनिंग त्याच्या कितीतरी पट खपला आणि मालिका वाचली.

जुने खेळाडू म्हणाले, मरणच नसेल तर भीती नाही आणि भीती नसेल तर विचार कोण करेल? सरळ सैनिक पुढे ढकलायचे आणि जिंकायचं. नव्यांचं म्हणणं, दिवसभर काम करून आल्यावर तीच लढाई चौथ्यांदा कोण खेळणार? आणि जुना मोड आहेच की, तुम्ही तो घ्या.

यातून मधला मार्ग निघाला तो वेळ मागे फिरवण्याचा. २०१७ च्या एकोज आणि २०१९ च्या थ्री हाउसेस या भागांत ठरावीक वेळा काही चाली मागे जायची सोय आली. थ्री हाउसेसमध्ये मागे जाऊन तोच वार तसाच केला तर निकालही तोच येतो. म्हणजे फासे पुन्हा टाकायला मिळत नाहीत, वेगळा विचार करायला मिळतो. बऱ्याच जणांना ही तडजोड पटली, कारण यात शिक्षा होते ती चुकीच्या चालीची.

वेसनॉथनं मात्र मरण कायमचं ठेवलं, पण गेमच वेगळा रचला. सैनिक मरणारच, हे गृहीत. वाचलेले अनुभवी सैनिक पुढच्या लढाईत २० सोन्याच्या नाण्यांना परत बोलावता येतात आणि गेलेल्यांच्या जागी नवे घेता येतात. एका माणसावर सगळं अवलंबून ठेवू नका, एका वारावर डाव लावू नका, हीच तिथली शिकवण. मुरलेले खेळाडू म्हणतात, वार हुकला तर पुढे काय, हे ज्यानं ठरवून ठेवलंय त्याला नशीब फारसं हरवू शकत नाही. ज्यांना तरीही नको, त्यांच्यासाठी अलीकडच्या आवृत्त्यांत फाशांची टोकं बोथट करणारा पर्यायही आहे.

फासे गेले, पण गेले कुठे?

आता या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वळण.

२०१७ च्या फेब्रुवारीत निन्टेन्डोनं मोबाईलसाठी फायर एम्ब्लेम हिरोज आणला. यात वार हुकतच नाही. टक्केवारी नाही, क्रिटिकलचा फासा नाही, मरणही कायमचं नाही. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला आणि भाला तलवारीला, असा मालिकेतला जुना त्रिकोण धरून आधीच हिशेब करायचा. लढाईचा निकाल चाल खेळण्याआधी दिसतो.

म्हणजे "नशीब नको" म्हणणाऱ्यांचं स्वप्न पूर्ण झालं? रणांगणावर तरी झालं. पण नशीब गेममधून गेलं नाही, ते दुकानात जाऊन बसलं.

इथे सैनिक मिळतात ते सोडतीतून. गेममध्ये जमवलेले किंवा खऱ्या पैशांनी घेतलेले मणी खर्च करायचे आणि कोण येतंय ते बघायचं. या पद्धतीला जपानमध्ये गाचा म्हणतात. गेम सुरू झाला तेव्हा ज्या खास पंचतारांकित सैनिकांची जाहिरात असायची, त्यातला एखादा मिळायची मूळ शक्यता होती ३ टक्के.

पुन्हा तेच गणित लावून बघू. ३ टक्के शक्यता असलेल्या कुठल्याही सोडतीत ३३ वेळा हात घातला, तर मनातला हिशेब म्हणतो, ३३ गुणिले ३ म्हणजे ९९, आता मिळायलाच हवं. प्रत्यक्षात ३३ प्रयत्नांनंतरही रिकाम्या हातानं परतायची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. हिरोजमध्ये बराच वेळ पंचतारांकित काही मिळालं नाही तर शक्यता थोडी थोडी वाढत जाते, पण तीही पुढच्या प्रयत्नाकडे ओढणारीच सोय.

फरक लक्षात घ्या. वेसनॉथमध्ये वार हुकला तर अर्धा तास जातो. इथे हुकला तर पैसे जातात.

म्हणूनच यात सरकारं उतरली. जपानमध्ये २०१२ साली ग्राहक व्यवहार विभागानं गाचाच्या एका प्रकारावर, म्हणजे ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवला तरच मोठं बक्षीस मिळतं त्या पद्धतीवर, टाच आणली. बेल्जियममध्ये २०१८ साली पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्यात बसवलं गेलं. त्यानंतर ऑगस्ट २०१९ मध्ये निन्टेन्डोनं बेल्जियममधली हिरोजची सेवा बंद केली.

लढाईतला ९० टक्क्यांचा आकडा आतून ९८ असला, तर फार तर वाद होतो. पण पैसे घेणाऱ्या सोडतीतला आकडा खरा आहे का आणि खेळणाऱ्याला तो नीट कळतोय का, हा ग्राहकाच्या हक्काचा प्रश्न होतो.

मग गेम चीटिंग करतो का?

वेसनॉथ करत नाही. तो खरं सांगतो, आपल्याला ते खरं वाटत नाही. फायर एम्ब्लेमचे बरेच भाग दाखवतात एक आणि देतात दुसरं, पण झुकतं माप बहुतेकदा आपल्याच पारड्यात. त्यामुळे "चीटिंग" हा शब्द बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी वापरला जातो.

तरीही खेळाडूंची तक्रार निव्वळ रडगाणं नाही. आकडा दाखवलात तर त्याचा अर्थ सांगा, हे मागणं रास्तच आहे. आकडा मवाळ केला असेल तर तसं लिहा, आणि ज्याला कडक हवा त्याला तसा पर्याय द्या.

खेळणाऱ्यासाठीही एक साधी सवय कामाची आहे. बटण दाबण्याआधी "लागायची शक्यता किती" याच्याबरोबर "नाही लागला तर काय जाईल" हेही बघायचं. ९० टक्के असताना मागे दुसरा सैनिक उभा केलेला असेल तर हुकलेला वार चालून जातो. पैशांची सोडत असेल तर आधीच रक्कम ठरवायची आणि ती संपली की फोन बाजूला ठेवायचा, कारण त्या दुकानात वेळ मागे फिरवायची सोय नसते.